वृषालीताई, अकोल्याचं अजून ठरलेलं नाही

रविवार. तुमचा दहावा. सकाळी नदीकाठी हजर होते ते असे: तुमचे वडील, म्हणजे अण्णा, पुण्याहून आलेला तुमचा धाकटा भाऊ आणि त्याची बायको, तुमच्या आत्या, भिंगारच्या गल्लीतले शेजारी, आणि आम्ही. आम्ही म्हणजे शनिवारी तुमच्या समोरच्या खुर्चीत आळीपाळीने बसणारे नोकरदार. एसटीतली कंडक्टर कमल, कोपरगावकडचे ग्रामसेवक जाधव भाऊसाहेब आणि मी. बाकीच्यांना ड्यूटी होती, त्यांनी तसं कळवलं. न कळवता गैरहजर कोणीच नव्हतं, एवढं तुमच्या कानावर घालते.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "मंगलताई, दहाव्यालासुद्धा हजेरी?" हो, घेतली. हजेरी घेतली की मला जरा धीर येतो.

तुमच्या आत्यांनी आम्हाला तिघांना वेगळं उभं पाहिलं आणि जवळ येऊन विचारलं, "तुमी कोन म्हनायच्या?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. आम्ही तुमचे विद्यार्थी नव्हतो, नातेवाईक नव्हतो, मैत्रिणी म्हणावं तर जाधव भाऊसाहेबांची अडचण. शेवटी कमल म्हणाली, "आमी ताईंचं गिऱ्हाईक."

"कशाचं?"

"डोक्याचं. ताई आमचं डोकं खायच्या."

आत्यांनी तोंडाला पदर लावला. रडायला लावला की हसायला, ते कळलं नाही. कमल मात्र एवढं बोलून जी रडायला लागली ती थांबेना. तिकिटांवरून भांडणाऱ्या भरल्या गाडीला एका आवाजात गप्प करणारी बाई. भाऊसाहेब तिच्यासमोर पाण्याची बाटली धरून उभे राहिले आणि बाटलीचं झाकण काढायचंच विसरले.

तुमची माझी ओळख आमच्या कार्यालयातल्या महिला दिनाच्या भाषणात झाली. पाहुण्या तुम्ही, आणि शाल, नारळ, खुर्च्या, माईक हे सगळं माझ्याकडे. तुम्ही पुण्यातल्या एका कंपनीत माणसांच्या नेमणुका आणि बढत्या बघायचं काम केलेलं, अण्णांच्या हृदयाच्या ऑपरेशननंतर भिंगारला परत आलेल्या आणि दारावर 'करिअर कोच' अशी पाटी लावलेली. पाटी वाचून लोक दहावीच्या गणिताचे क्लास आहेत का म्हणून विचारायला यायचे, हे मला नंतर अण्णांनी सांगितलं. त्या दिवशी तुम्ही भाषणात म्हणालात, आपलं करिअर आपण घडवायचं असतं. मी मागून, माईकच्या वायरजवळून म्हणाले, "सरकारी नोकरीत करिअर नसतं मॅडम, सेवाज्येष्ठता असते." तुमच्या सगळ्या भाषणाला मिळाल्या नसतील एवढ्या टाळ्या त्या एका वाक्याला मिळाल्या. सगळ्यात मोठ्यांदा तुम्हीच हसलात.

कार्यक्रम संपल्यावर तुम्ही माझं टेबल शोधत आलात.

"ज्येष्ठता यादीत तुमचा नंबर कधी लागतो?"

"एकदा लागला होता. मी नाकारला."

"आणि परत लागला तर?"

"परत नाकारणार."

"कारण?"

"सासूबाई."

तुम्ही मान हलवलीत आणि समोरच्या पेढ्यातला अर्धा तोडून खाल्लात. "शनिवारी सुट्टी असते ना? या," एवढंच म्हणालात. मी आले ते तुम्हाला सरकारी नोकरी म्हणजे काय हे नीट समजावून सांगायला. खरंच सांगते, त्याच हेतूने आले होते. तुम्हाला बरीच माहिती नव्हती.

माहिती नव्हती म्हणूनच तो घोळ झाला. तुम्ही मला पहिला अभ्यास दिला होता: "तुमच्या साहेबांना विचारा, माझ्या कामात चांगलं काय आहे आणि काय सुधारायला हवं." कंपनीतली माणसं हे बहुतेक चहा पिता पिता विचारत असतील. मी सरकारी बाई. साहेबांना काही विचारायचं म्हणजे लेखी विचारायचं. मी अर्ज केला. विषय: माझ्या कामकाजातील गुण व दोष कळविणेबाबत. आवकमध्ये दिला, शिक्का घेतला. साहेब दौऱ्यावर निघण्याच्या घाईत होते. त्यांनी वरच्या कोपऱ्यात 'तपासून सादर करा' असं लिहिलं. अर्ज खाली अधीक्षकांकडे आला, त्यांनी विषयात 'दोष' हा शब्द पाहिला आणि आस्थापना शाखेकडे पाठवला. आस्थापना शाखेत कर्मचाऱ्यांचं टेबल माझं.

आमचा शिपाई बबन टपाल घेऊन आला तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं. "मॅडम, तुमचाच अर्ज तुमच्याकडंच आलाय. आता तुमीच तुमाला तपासा आन सादर करा."

हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही इतक्या हसलात की अण्णा आतून रेडिओ हातात घेऊनच बाहेर आले. त्यांना वाटलं ठसका लागला. डोळे पुसून झाल्यावर तुम्ही म्हणालात, "मग करा ना सादर."

"काय?"

"टिपणी. तुमच्यावर. आत्ता, इथं बसून."

मी लिहायला घेतलं. दोष भराभर सुचले. गुणांशी येऊन अडले. बऱ्याच वेळाने लिहिलं, 'कर्मचारी वेळेवर उपस्थित राहतात.' तुम्ही कागद वाचलात. "मंगलताई, वेळेवर तर भिंगारला कधी कधी नळही येतो. अजून?"

अजून काही सुचेना, तेव्हा तुम्ही वेगळंच विचारलंत. "तुमचं काम नसताना लोक तुमच्या टेबलाशी का येतात?" त्यावर मला बोलता आलं. नोकरीत असताना नवरा गेलेल्या बायका येतात, कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद घेऊन. ते टेबल माझं नाही, पण त्या टेबलावरचा माणूस कागद परत करतो आणि काय कमी आहे ते सांगत नाही. मग मी त्यांना बसवते, पाणी देते, काय काय लागेल ते क्रमाने लिहून देते. अकोले गावाच्या पलीकडून, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका गावातून आलेल्या बाईची गोष्ट मी तुम्हाला तेव्हाच सांगितली. पहाटे जीपने निघाली, दोन एसट्या बदलल्या, जेवणाच्या सुट्टीनंतर पोचली आणि एक दाखला कमी निघाला. ती मला म्हणाली होती, "बाई, आता परत येयाला लेकराला कुनाकडं ठेवू?"

तुम्ही विचारलंत, "हे काम तिथं अकोल्यातच झालं असतं का?"

"झालं असतं. तिथल्या अधीक्षकाच्या खुर्चीत माणूस असता तर. जागा रिकामीच असते. कोणी जायला तयार नसतं."

"तुम्ही नाकारलीत ती जागा कुठली होती?"

मी टिपणीच्या कागदाची घडी घालायला लागले. तुम्ही वाट बघत बसलात. तुमची ही सवय मला फार जड जायची. प्रश्न विचारून तुम्ही नुसत्या बसून राहायच्या, अण्णांचा रेडिओ ऐकू यायचा, बाहेरून भाजीची गाडी जायची. आमच्या कार्यालयात दोन माणसांमध्ये एवढी शांतता झाली तर त्यांच्यात काहीतरी बिनसलंय असं समजतात.

पण तीच सवय मला लागली. आता माझ्या टेबलाशी कोणी आलं की कागदांची यादी सांगायच्या आधी मी विचारते, "तुम्हाला काय हवंय?" आणि थांबते. मागे एका बाईने त्यावर बराच वेळ घेतला आणि म्हणाली, "पेन्शन नंतर बघू मॅडम. आधी त्यांचा हितल्या कपाटातला डबा आन चष्मा द्या." मी पंधरवडाभर तिच्याकडे चुकीचे कागद मागत बसले असते. शनिवारी तुम्हाला हे सांगायचं, असं त्याच दिवशी ठरवलं होतं. शनिवार यायच्या आत, शुक्रवारी सकाळी, अण्णांचा फोन आला. तुम्ही झोपेतून उठलाच नाहीत.

यंदा माझा नंबर परत लागला. जागा तीच, अकोले. 'पदोन्नतीसाठी इच्छुक आहात किंवा कसे' ते लेखी कळवायचं आहे, मुदत या बुधवारची. पत्र आलं त्या शनिवारी मी ते तुमच्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "सांगा, काय करू?"

"मी नाही सांगणार."

"अहो, तुम्ही सल्लागार ना?"

"तुम्हाला सल्ला नको आहे, मंगलताई. तुम्हाला कुणाची तरी सही हवी आहे. उद्या काही चुकलं तर खालची सही दाखवायला."

मला राग आला, पण मी तयारीने आले होते. अडचणी लिहूनच आणल्या होत्या. सासूबाईंच्या गोळ्या सकाळ-संध्याकाळच्या वेगळ्या, त्या त्यांना ओळखू येत नाहीत. नवऱ्याची एमआयडीसीतली पाळी दर आठवड्याला बदलते. मुलगी पुण्याला शिकते, ती सुट्टीत येते तेव्हा घरी मी हवी. तुम्ही सगळं ऐकलंत. एकेका अडचणीवर काय करता येईल तेही बोललात, गोळ्यांच्या खणाखणांच्या डबीपर्यंत. आणि मग तो प्रश्न विचारलात.

"आईंना विचारलंत?"

"त्यात काय विचारायचं? मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"त्यांना मी लागते."

तुम्ही जरा पुढे झुकलात. "त्या 'नको जाऊ' म्हणतील याची तुम्हाला भीती नाही. त्या 'जा' म्हणतील याची आहे. मग नाकारायला काही उरणारच नाही."

मी उठले, पर्स घेतली. "तुम्हाला सासू नाही, म्हणून बोलणं सोपं आहे," असं म्हणाले. आणि दारात चपला घालता घालता मला पुढचं सुचलं. तुम्हाला पुण्याची कंपनी परत बोलवत होती, तुम्हीच सांगितलं होतंत. अण्णांमुळे जाता येत नाही, हेही तुम्हीच सांगितलं होतंत. मी वळले. "तुम्ही तरी अण्णांना विचारलंत का?"

तुमचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. रागावलेला नव्हता. दुसऱ्याच्या घरात गेल्यावर भिंतीवर आपलाच फोटो दिसावा, तसा झाला होता. "नाही," तुम्ही म्हणालात. मग हसलात. "बरोबर आहे. नाही विचारलं."

पुढच्या शनिवारी मी आले. तुम्ही चहा दिलात, मी घेतला. तुम्ही मला भंडारदऱ्याकडच्या तांदळाबद्दल विचारत होतात, वास कसा असतो, कुठे मिळतो. आपण दोघीही दारातल्या त्या प्रश्नाच्या कडेकडेने चालत होतो. निघताना तुम्ही म्हणालात, "मुदतीच्या आत या." तेच शेवटचं. मला वाटलं तुम्ही माझ्या उत्तरासाठी बोलावताय.

आता सकाळचं सांगते, कारण ते तुम्हाला कळायला हवं.

घाटावर पिंड ठेवल्यावर सगळे मागे सरकले आणि कावळ्याची वाट बघू लागले. कावळा शिवेना की नातेवाईक एकेक करून पुढे होतात आणि काय काय कबूल करतात, ते मी कितीतरी दहाव्यांना पाहिलंय. मीही मनात वाक्य तयार ठेवलं होतं. कावळा थांबला तर मी पुढे जाणार होते आणि म्हणणार होते, मी अकोल्याला जाते, तुम्ही काळजी करू नका. सगळ्यांच्या देखत बोलले असते. मग माघार घ्यायचा प्रश्न नव्हता. घरी सांगायलाही सोपं: गेलेल्या माणसाला शब्द दिलाय.

तुमच्या भावाने हात जोडायच्या आत कावळा आला, शिवला आणि भात घेऊन उडाला. भाऊसाहेब हळूच म्हणाले, "सुटल्या ताई." मी तशीच वाक्य घेऊन उभी. तुम्ही सही दिली नाहीत. जातानाही दिली नाहीत.

घाटावरून तुमच्या घरी आल्यावर अण्णांजवळ बसले. पाटी अजून दारावर आहे, ती काढायची का असं तुमच्या भावाने विचारलं, तर अण्णा म्हणाले, "राहू दे." मग मला म्हणाले, "बाई, तुमीच ना त्या, दारात उभं राहून तिला बोलल्या त्या?"

मी कानकोंडी झाले. मी म्हटलं, "अण्णा, तुम्हाला ऐकू गेलं?"

"रेडिओ बंद हुता. लई चांगलं केलं तुमी. त्याच रात्री जेवताना तिनं मला विचारलं. म्हनली, अण्णा, मी पुन्याला परत गेले तर तुमाला चालंल का?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, जा की. मी कधीची वाट बघतोय. मी काय एकटा हाय का, सगळी गल्ली हाय. तू माझ्यापायी इथं बसलीस म्हनून मलाच घास जड जातो, पर बोलायचं कसं?" अण्णांनी उपरण्याने नाक पुसलं. "लई हसली. आन मग म्हनली, आता न्हाई जात. आता इथंच राहते. आता राहायला मोकळं वाटतंय."

मी विचारलं, "नक्की असंच म्हणाल्या?"

"व्हय. आन दुसऱ्या दिवशी कंपनीला न्हाई म्हनून कळवून टाकलं. गानी म्हनत हुती स्वयंपाक करताना."

वृषालीताई, हे तुम्ही मला का सांगितलं नाहीत? शनिवारी चहा देताना तुम्हाला हे सगळं ठाऊक होतं. तांदळाच्या गप्पा मारत बसलात. सांगितलं असतंत तर मी घरी जाऊन त्याच दिवशी आईंना विचारलं असतं. हे लिहिता लिहिता मला कळतंय की म्हणूनच सांगितलं नाहीत. मी तुमचं बघून विचारलं असतं. पण एवढं तरी मला सांगायला हवं होतं तुम्ही. निदान म्हणायचं होतंत, मंगलताई, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं. ते ऐकायला मला आवडलं असतं. माझ्या टिपणीतल्या गुणांत तेवढी एक ओळ वाढली असती.

तुम्ही मला जायला सांगत होतात असं मी इतके दिवस धरून चालले होते. म्हणून तुमच्याशी भांडत होते. तुम्ही तर स्वतः राहिलात, आणि गाणी म्हणत राहिलात.

तुमच्याकडून माझ्या घरी आले तर आईंनी अंघोळीचं पाणी तापवून ठेवलं होतं. अंघोळ झाल्यावर त्यांनी माझ्यापुढे ताट ठेवलं आणि समोर बसल्या.

"शनिवारी जायचीस त्या बाई का गं गेल्या?"

"हो आई."

"लहानच हुत्या म्हन की. काय शिकवायच्या त्या तुमाला?"

मी भाकरी मोडत म्हटलं, "प्रश्न विचारायला."

"ते काय शिकावं लागतं व्हय?" असं म्हणून त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढली. माझ्या तोंडाशी आलं होतं. अगदी आलं होतं. मी म्हटलं, "आई, ठेचा द्या थोडा."

मग त्या जरा पडल्या आणि मी हे लिहायला बसले. तुमची बाकीची कामं मी उरकली आहेत. शनिवारी येणाऱ्या सगळ्यांना कळवलं. भाऊसाहेब दर शनिवारी अण्णांकडे चक्कर मारणार आहेत, कमल डेपोतून जाता येता. तुमची पुस्तकं भिंगारच्या वाचनालयाला द्यायचं अण्णांशी बोलले. 'इच्छुक आहे' आणि 'इच्छुक नाही' अशी दोन्ही पत्रं टाईप करून ठेवली आहेत, कारण मला तयारी लागते. दोन्हींवर सही नाही.

आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या. आई उठल्यात. आता त्या विचारतील, चहा झाला का. चहा टाकायला जाते. त्यांना विचारायचं अजून राहिलंय.